बरगडी काढून नाक नीट करतात म्हणे, कुणी करून घेतलंय का?

खांबावरची_पोर (जि. धाराशिव)

नमस्कार. वाचत असते नेहमी पण लिहायलेय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या. मी कळंब तालुक्यातली, वय २२, दोन वर्षं झाली पोलीस भरतीची तयारी करायलेय. विषय माझ्या नाकाचा आहे.

आमच्याकडं खो-खोचं वेड किती ते सांगायला नको, सारिका काळे आमच्याच जिल्ह्याची, २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या सरांनी आठ दिवस स्टेटसला तोच फोटो ठेवला होता. मी पण खेळायचे, बरी खेळायचे. आठवीत असताना तालुक्याच्या मॅचआधी प्रॅक्टिस चालू होती, मी खांबाजवळ डाइव्ह मारली, हाताची पकड सुटली आणि नाक थेट खांबावर. रक्त थोडंच आलं. सरांनी डोक्यावर पाणी ओतलं, कांदा हुंगायला दिला, घरी आल्यावर आजीनं हळदीचा गरम लेप लावला. दुसऱ्या दिवशी दोन्ही नाकपुड्या गच्च बंद, वारा आत जाईना. चौथ्या दिवशी ताप भरला. मग गावातल्या डॉक्टरकडं गेलो, त्यांनी इंजेक्शन गोळ्या दिल्या, सूज आहे उतरेल म्हणाले. नंतर आपोआप पू आला, सूज उतरली, सगळे खूश झाले, झालं बरं म्हणून.

दिवाळीपर्यंत नाकाचा दांडा खाली बसायला लागला. जुनी बाज मधोमध लवते ना, तसं दिसतं आता बाजूनं बघितलं की. शेंडा वर आलाय, नाकपुड्या पसरल्यात. आणि नुसतं दिसण्याचं नाही, रात्री तोंड उघडं ठेवूनच झोपते, सकाळी घसा कोरडा ठणठणीत. घोरते पण, हॉस्टेलवर मुली हसतात. आत्या तर पाहुण्यांच्या देखत म्हणाली, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी तिथून उठून गेले.

आता महिन्याखाली मोठ्या शहरात एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले नाकाच्या पडद्यातलं कार्टिलेज विरघळून गेलंय, आधारच नाही, बरगडीतून काढून तिथं बसवावं लागंल. नाहीतर सिलिकॉनचा तुकडा टाकता येतो, ते लवकर होतं म्हणाले. आईनं बरगडी हा शब्द ऐकला आणि तिथंच रडायला लागली. पोरीची बरगडी काढणार, उद्या बाळंतपण कसं व्हायचं, भरतीत गोळा कसा फेकणार, एक ना दोन. मला पण खरं सांगायचं तर भ्या वाटायलंय.

तर माझे प्रश्न, बरगडी काढली तर छाती कमजोर होते का, पळता येतं का, सिलिकॉन का नको, कानातून पण घेतात असं ऐकलंय ते बरं का, किती दिवस घरी बसावं लागतं, आणि चमकी परत कधी घालता येईल (हा प्रश्न फालतू वाटंल पण मला विचारायचाय).

---

औशाचा_ट्रॅक्टरवाला

ताई, मी करून घेतलंय. बरगडीचंच. म्हणून सगळं सविस्तर लिहितो, लांब होईल.

माझं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून झालं होतं, नाक फुटलं, हाड जोडलं पण दोन वर्षांत दांडा खचला. तुमच्या आईसारखंच माझ्या घरी पण, बरगडी म्हटल्यावर वडील म्हणाले काही गरज नाही, पुरुषाच्या नाकाकडं कोण बघतंय. म्हणून मी काय केलं, सोपा रस्ता धरला, एका खाजगी ठिकाणी सिलिकॉनचा तुकडा घालून घेतला. नाव लिहीत नाही, त्यात अर्थ नाही. एक दिवसाचं काम, आठ दिवसांत बाहेर, नाक एकदम सरळ, मी तर खूश होतो. लग्नाचे सगळे फोटो त्याच नाकाचे आहेत. पावणेतीन वर्षांनी नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका आला. मला वाटलं पुटकुळी. ती जाईना. मग कातडी पातळ होत गेली, चकचकीत, आणि आतलं पांढरं दिसायला लागलं. ज्यांनी टाकलं त्यांना फोन केला तर म्हणाले अँटिबायोटिक घ्या. शेवटी दुसरीकडं जाऊन ते काढूनच टाकावं लागलं, आणि काढल्यावर नाक आधीपेक्षा जास्त बसलं कारण आत व्रण झाला होता. मग सहा-सात महिने थांबायला लावलं आणि त्यानंतर बरगडीचं झालं. म्हणजे जे पहिल्यांदा करायचं ते तिसऱ्यांदा केलं. सगळ्यांचंच असं होतं असं मी म्हणत नाही, माझ्या ओळखीतल्या एकाचं सिलिकॉन दहा वर्षं झाली नीट आहे. पण मला विचाराल तर नको.

आता बरगडीचं ऐका. मी पण समजत होतो की आख्खं हाड उपटणार. तसं नसतं. बरगडी पाठीकडून येते ती हाडाची असते, पण पुढं छातीच्या मधल्या हाडाला जिथं जुळते तिथला भाग मऊ असतो. मटण खात असाल तर माहीत असंल, ते पांढरं कटकट चावता येतं ते. तेच घेतात. माझं सहाव्या का सातव्या बरगडीचं घेतलं, वरची चीर माझी अंगठ्याएवढी पण नाही. बायकांना छातीच्या खालच्या घडीत चीर घेतात म्हणजे व्रण झाकून जातो, वॉर्डात एक मुलगी होती तिला तसं केलं होतं.

दुखतं का? नाक नाही दुखलं जास्त. छाती दुखली. पहिले चार-पाच दिवस शिंक आली की देव आठवायचा. खोकताना उशी छातीशी दाबून धरायची हे सिस्टरनं शिकवलं, ते फार कामाला आलं. हसायचं नाही, आणि नेमका माझा मेव्हणा शेजारी बसून किस्से सांगायचा. दहा-बारा दिवसांनी बरं वाटायला लागलं. ट्रॅक्टर दोन महिन्यांनी चालवला, सर हो म्हणाले तेव्हाच. आज चार वर्षं झाली, पोती उचलतो, काही फरक नाही. हात लावला तर त्या जागी थोडा खड्डा लागतो बस.

नाकावर पट्टी आठवडाभर होती. डोळ्याखाली काळंनिळं, चेहरा भोपळ्यासारखा. आरशात बघू नका पहिले पंधरा दिवस, उगं जीव खाली वर होतो. शेंडा बधिर होता कित्येक महिने, माशी बसली तरी कळायचं नाही.

---

स्क्रीनशॉट_भाऊ

फिल्टर लावा ताई, नाक कशाला कापून घेता 😂

---

औशाचा_ट्रॅक्टरवाला

झोपताना फिल्टर लावून श्वास येतो का रे भाऊ. विषय काय चाललाय बघ जरा.

---

घशाचा_डॉक्टर (बीड)

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. मी स्वतः बरगडीची ऑपरेशनं करत नाही, पुढं पाठवतो, पण शिकताना असिस्ट केलीत आणि तुमच्यासारखे पेशंट दर वर्षी बघतो. तपासल्याशिवाय सल्ला देता येत नाही, तरी जे सर्वसाधारण आहे ते सांगतो.

आधी झालं काय ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. नाकाचे दोन भाग करणारा मधला पडदा असतो, त्याचा पुढचा भाग कार्टिलेजचा, मराठीत कूर्चा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दोन्ही बाजूंनी एक पातळ आवरण घट्ट चिकटलेलं असतं, त्यातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. मार लागला की कधी कधी त्या आवरणाच्या आणि कूर्चेच्या मध्ये रक्त साठतं. आवरण उचललं गेलं, जेवण बंद. तीन-चार दिवसांत कूर्चा मरायला लागते, आणि त्या रक्तात जंतू शिरले तर पू होतो आणि मग ती विरघळतेच. दोन्ही नाकपुड्या बंद होणं, मग ताप, मग पू, तुम्ही लिहिलंय ते अगदी हेच आहे. पहिल्या दिवशी कुणी टॉर्चनं आत बघितलं असतं तर पडद्यावर लालनिळा मऊ फुगवटा दिसला असता, छोटी चीर देऊन रक्त काढलं असतं, दोन्ही बाजूंनी बोळा घट्ट भरला असता, संपलं असतं. बाहेरून रक्त कमी आलं म्हणून सगळे निश्चिंत राहतात, आणि तिथंच घात होतो. हळदीच्या लेपानं काही बिघडलं नाही बरं का, आजींना बोल लावू नका.

पडदा हा नाकाच्या तंबूचा मधला खांब. खांब गेला की कापड खाली येतं, शेंडा वर उचलतो, मध्ये खोलगट. आम्ही त्याला खोगीर नाक म्हणतो. आणि नुसता दांडा बसत नाही, आत वारा जाण्याची जी सगळ्यात अरुंद जागा आहे ती पण मिटते. घरी एक करून बघा. गालावर नाकाच्या बाजूला दोन बोटं ठेवून गाल हलकेच बाहेर, कानाकडं ओढा आणि श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर अडचण त्या जागेची आहे आणि ऑपरेशननं फायदा व्हायची शक्यता चांगली.

आता कूर्चा आणायची कुठून. पहिली पसंती नेहमी नाकाच्याच पडद्याची असते, कारण ती सपाट, सरळ आणि तिथंच हाताशी. पण तीसुद्धा सगळी घेता येत नाही, वरून आणि पुढून साधारण एक-एक सेंटीमीटरची पट्टी आधाराला ठेवावीच लागते, नाहीतर डॉक्टरच खोगीर नाक करून ठेवील. तुमच्यात तर मुळात काही उरलेलंच नाही असं दिसतंय. दुसरी जागा कानाची वाटी. कानामागून चीर देतात, वाटीतला तुकडा घेतात, कानाच्या कडेला हात लावत नाहीत म्हणून कानाचा आकार सहसा बदलत नाही. कानाला पण नंतर कापसाचा बोळा टाक्यांनी दाबून ठेवतात, कारण तेच, मध्ये रक्त साठू नये. शेंड्यासाठी, नाकपुडीच्या कडेसाठी कान उत्तम. पण ती कूर्चा वाकडी आणि मऊ असते, आख्खा दांडा उभा करायला, खांबाचं काम करायला ताकद पुरत नाही. त्याला बरगडीच लागते. म्हणून तुम्हाला बरगडी सांगितली ते बरोबर सांगितलंय.

बरगडीच्या कूर्चेचा एक वाईट स्वभाव आहे, ती वाकते. बाहेरच्या थराला आतून ताण असतो, एका बाजूनं तासली की दुसऱ्या बाजूला वळते, ओली काकडी चिरून ठेवली की वळते तशी. १९५८ साली गिब्सन आणि डेव्हिस या दोघांनी हे नीट मांडलं, की सगळ्या बाजूंनी समतोल तासलं, गाभ्यातला तुकडा घेतला तर वाकणं कमी होतं. आजही तेच तत्त्व पाळतात, कोरलेला तुकडा सलाइनमध्ये थोडा वेळ ठेवून बघतात किती वळतो आणि मगच बसवतात. तरीसुद्धा काही पेशंटमध्ये पुढं महिन्यांनी नाक किंचित वाकडं होतं, दुरुस्ती लागते. हे आधी विचारून घ्या डॉक्टरांना, जे म्हणतील माझ्या हातून कधीच होत नाही त्यांच्यापासून जरा लांब राहा.

दुसरी भीती फुफ्फुसाची. बरगडीच्या मागं लगेच फुफ्फुसावरचं पातळ आवरण असतं, त्याला भोक पडू शकतं. क्वचित होतं. म्हणून तुकडा काढल्यावर त्या खड्ड्यात पाणी भरतात आणि भूल देणारे डॉक्टर फुफ्फुस फुगवतात, बुडबुडे आले तर कळतं आणि तिथंच दुरुस्त करतात. पंक्चरवाला ट्यूब बुडवून बघतो अगदी तसंच.

बाळंतपणाचा काही संबंध नाही, आईंना सांगा. छातीचा पिंजरा बारा जोड्यांचा असतो, त्यातल्या एकीच्या मऊ टोकाचा काही सेंटीमीटरचा तुकडा गेला तर श्वासाला किंवा ताकदीला कायमचा फरक पडत नाही.

आणि सिलिकॉन. ते शरीराला परकंच राहतं, रक्त त्यात शिरत नाही, म्हणून जंतू बसले की औषध पोचत नाही आणि वरच्या दादांचं झालं तसं वर्षांनीसुद्धा बाहेर येऊ शकतं. जिथं नाक धड आहे आणि नुसता दांडा थोडा उंच करायचाय तिथं जगभर वापरतात. पण जिथं आधीच पू झालेला, आत व्रण आहे आणि खांबच नाही, तिथं मी तरी टाकू देणार नाही.

---

हिंगोलीची_सिस्टर

डॉक्टर साहेबांनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त एवढंच जोडते की शाळेतल्या पीटीच्या सरांनी आणि आयांनी हे वाचावं. माझ्या ड्युटीत मागच्या पोळ्याला एक नऊ वर्षांचं पोरगं आलं, बैलानं मान झटकली आणि शिंग नाही, नुसतं कपाळ लागलं होतं नाकावर. बाहेरून काहीच नव्हतं. आई म्हणाली नाक बंद आहे सर्दी झाली असंल. डॉक्टरांनी बघितलं तर दोन्हीकडं फुगवटा, लगेच थिएटरमध्ये घेतलं. पोरगं आता ठणठणीत आहे, नाक सरळ. मार लागल्यावर दोन्ही बाजू बंद वाटल्या तर त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्याला दाखवा, उद्यावर ढकलू नका. वाकडं झालेलं हाड बसवायला मोठ्यांना आठ-पंधरा दिवस तरी असतात, लेकरांचं त्याहून लवकर जुळतं, पण रक्ताच्या गाठीला तेवढा पण वेळ नसतो.

---

निवृत्त_मास्तर (नांदेड)

मुलीचा प्रश्न वाचून राहवलं नाही, थोडं विषयांतर करतो, डॉक्टरांनी माफ करावं.

नाक बसवण्याची विद्या आपल्याच मातीतली आहे हे बऱ्याच जणांना सुश्रुताच्या नावानं माहीत असतं, सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक करण्याचं वर्णन आहे. पण मला त्याहून जवळची वाटते ती पुण्याची गोष्ट. टिपूशी १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठी गाडीवान होता, इंग्रजांनी त्याचं नाव कावसजी लिहिलंय. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका माणसानं त्याचं नाक केलं, आणि तो माणूस कुणी वैद्य नव्हता, विटा करणाऱ्या जातीतला म्हणजे कुंभार होता. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ ला चित्रासकट हे छापून आलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचं, तो कपाळावर सपाट ठेवून आखायचं, तेवढी कातडी सोडवायची पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची म्हणजे रक्त चालू राहील, आणि फिरवून खाली आणायची. जोड पक्का राहायला काय लावलं? कात. आपल्या पानातला कात पाण्यात कालवून, कापडाच्या पट्ट्यांवर लावून, एकावर एक पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ती जोडपट्टी कापायची. हे वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८१४ ला लंडनमध्ये असंच ऑपरेशन केलं आणि तिथून ते युरोपभर गेलं.

कपाळाच्या त्या पद्धतीला आजही इंग्रजीत 'इंडियन' म्हणतात. कुंभाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. गाडीवानाचं ठेवलं, बघणाऱ्या साहेबांचं ठेवलं.

---

घशाचा_डॉक्टर (बीड)

मास्तर, माफी कसली, उलट तुम्ही नेमकं तिथंच आणून सोडलं. त्या नाकाला कातडी होती पण आत खांब नव्हता. नुसती कातडी असली की ती पुढं आकसते, नाकपुड्या मिटतात, म्हणून तर त्या वर्णनात दहाव्या दिवशी नाकपुड्यांत कापडाचे बोळे घालायला सांगितलेत. कातडीच्या आत आधार पाहिजे ही गोष्ट नंतर पक्की झाली, १९०० च्या आसपास जर्मनीत बरगडीची कूर्चा बसलेल्या नाकात घालायला सुरुवात झाली. आणि पहिल्या महायुद्धात इंग्लंडात सिडकपला हॅरॉल्ड गिलीज यांनी दोन्ही एकत्र केलं. एका अधिकाऱ्याचं नाक गोळीनं गेलं होतं, तर बरगडीची कूर्चा आधी त्याच्या कपाळाच्या कातडीखाली पुरून ठेवली, महिन्यांनी ती तिथं रुजली आणि मग कातडीसकट खाली फिरवून नाक केलं. सुरुवातीला ते नाक इतकं मोठं दिसलं की बाकीचे डॉक्टर हसले म्हणे. सूज उतरल्यावर मात्र चांगलं झालं.

तुमची कातडी शाबूत आहे ताई, त्यामुळं कपाळाला कुणी हात लावणार नाही. तुम्हाला फक्त खांब पाहिजे.

---

खांबावरची_पोर (जि. धाराशिव)

सगळ्यांचे खूप खूप आभार. रात्री दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. मटणाचं उदाहरण तिला एकदम कळलं, म्हणाली मग हाड हाड कामून म्हणतात. स्वतःच्या छातीला हात लावून बघितलं तिनं, कुठून मऊ होतं ते.

ते गाल ओढून श्वास घ्यायचं करून बघितलं. डॉक्टर, मी सांगू शकत नाही तुम्हाला, डाव्या बाजूनं एवढा वारा आला की मी घाबरूनच हात सोडला. आठ-नऊ वर्षांत तसा वारा कधी आलाच नव्हता. मग अर्धा तास तेच करत बसले, भाऊ म्हणाला काय वेड लागलंय.

आता दोन गोष्टी. एक तर भरती. ग्राउंड कधी लागंल सांगता येत नाही, आमचं ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. माझा ८०० चा टायमिंग अजून पाहिजे तसा नाही. ऑपरेशन केलं तर टायमिंग सुधारंल का, म्हणजे भरतीच्या आधीच करून घ्यावं असं मनात आलंय. आणि दुसरं पैशाचं, वडील शेतीवर आहेत, यंदा सोयाबीनचं पाण्यानं वाटोळं झालं ते सगळ्यांना माहीतच आहे.

---

घशाचा_डॉक्टर (बीड)

भरतीसाठी करू नका. स्पष्ट सांगतो. ८०० मीटर जोरात पळताना माणूस तोंडानंच श्वास घेतो, नाक कितीही मोकळं झालं तरी घड्याळात दिसण्यासारखा फरक पडेल असं मी म्हणणार नाही. फरक पडेल झोपेत, घशात, सकाळी उठल्यावर. उलट ऑपरेशननंतर महिना-दीड महिना पळणं, वजन उचलणं बंद, गोळा तर छातीच्या जखमेमुळं आणखी पुढं. खो-खो, कबड्डी असलं काही तर सर्जन सांगतील तोपर्यंत अजिबात नाही, नव्या नाकावर एक कोपर बसलं की सगळं पाण्यात. ग्राउंड होऊन जाऊ द्या, मग निवांत करा. नाक नऊ वर्षं थांबलंय, अजून सहा महिने थांबेल. वय २२ आहे, बरगडीची कूर्चा अजून मऊ असते, चाळिशी-पन्नाशीनंतर ती हाडासारखी कडक व्हायला लागते आणि कोरायला त्रास होतो, तुम्हाला ती घाई नाही.

पैशाचं म्हणाल तर आधी सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवा, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ तुम्हाला जवळ, नाहीतर संभाजीनगरची घाटी, लातूर, सोलापूर. कान-नाक-घशाच्या ओपीडीत जा, जुने कागद असतील ते न्या, लहानपणीचा समोरचा आणि बाजूचा फोटो न्या. तिथं होत नसेल तर ते कुठं पाठवायचं ते सांगतील. मेडिक्लेम असेल तर एक शब्द जपा. पॉलिसीत सौंदर्यासाठीचं ऑपरेशन बसत नाही असं लिहिलेलं असतं, पण त्याच ओळीत पुढं अपघातानंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तर अपवाद असं पण असतं. तुमच्या कागदावर खेळताना झालेली इजा आणि श्वासाला अडथळा हे दोन्ही डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं पाहिजे, आणि ते खरंच आहे.

चमकीचा प्रश्न फालतू नाही, रोज एक तरी विचारतं. ऑपरेशनच्या आधी काढावी लागेल, भोक बुजू शकतं, आणि परत टोचायचं ते सर्जननं बघून होकार दिल्यावरच, काही महिने धरून चाला. सूज पूर्ण उतरून नाक खरं दिसायला वर्ष लागतं. तंबाखू, मिश्री काही लावता का? लावत असाल तर आधीपासून बंद, त्यानं कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही.

अजून एक, मोबाईलमध्ये कुठल्या हिरॉइनचा फोटो घेऊन जाऊ नका. स्वतःचा सातवीतला फोटो न्या.

---

औशाचा_ट्रॅक्टरवाला

चष्मा असंल तर तोही दीडेक महिना नाकावर टेकवायचा नाही. मी कपाळाला चिकटपट्टी लावून लटकवला होता, बायको अजून तो फोटो दाखवती पाहुण्यांना.

---

खांबावरची_पोर (जि. धाराशिव)

मिश्री आई लावते, मी नाही 🙂 चष्मा पण नाही.

उशिरा लिहायलेय, मध्ये अंबाजोगाईला जाऊन आलो. मॅडमनी आत दुर्बीण घालून बघितलं, पडद्यात पुढच्या बाजूला नुसतं कातडं आहे, मध्ये काही नाही म्हणाल्या, बोटानं दाबलं की शेंडा सरळ गालाला टेकतो. बरगडीच लागणार म्हणाल्या, कान पण थोडा लागेल. ग्राउंड झाल्यावर या म्हणाल्या, आणि फोटो काढून ठेवलेत चारी बाजूंनी. सातवीतला फोटो दाखवला तर त्यांनी बराच वेळ बघितला.

एकच घोळ झालाय. आईचं भ्या गेलं पण आता तिनं नवीनच काढलंय. ओपीडीत मॅडमना म्हणाली, पोरीची कशाला घेता, माझी घ्या की बरगडी, मला कुठं पळायचंय. मॅडम हसल्या आणि नाही म्हणाल्या पण गर्दी होती, का नाही ते सांगितलं नाही. येताना बसमध्ये पूर्ण वेळ हेच चालू होतं. डॉक्टर, तिला काय सांगू?

---

घशाचा_डॉक्टर (बीड)

तुमची आई पहिली नाही. मघाशी ज्यांचं लिहिलं ते गिलीज, त्यांनी १९३० च्या दशकात हेच केलं होतं. ज्या लेकरांना जन्मतः कान नव्हता त्यांच्या आयांनी स्वतःच्या कानाची कूर्चा दिली, ती कोरून लेकरांचे कान केले. तीसेक लेकरं होती. सुरुवातीला छान दिसले. मग वर्ष गेली तशी आईची कूर्चा लेकराच्या अंगात हळूहळू विरघळत गेली आणि कान परत बसले. स्वतःचीच टिकते, म्हणून तुमचीच घेणार.

---

खांबावरची_पोर (जि. धाराशिव)

वाचून दाखवलं. काहीच बोलली नाही थोडा वेळ. मग म्हणाली, त्या आयांचे कान मग तसेच राहिले का गं.